तोंड कोझिमाचं, आवाज दुसरीचा

आमच्या नगराध्यक्षाच्या हातात परवा चौकात माइक आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या बंदराच्या भिंतीवर कोझिमाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली, तिच्यावरचं कापड ओढलं, बँड वाजला, इथपर्यंत मी गप्प होते. मग हा गृहस्थ छातीवर तिरंगी पट्टा मिरवत म्हणतो कसा, "तारान्तोच्या या लेकीनं आपल्या मधाळ आवाजानं साऱ्या इटलीला वेड लावलं!"

मधाळ! अरे मेल्या, तिचा आवाज ऐकून मांजरं पळायची. तू शेंबडा होतास तेव्हा आईचं बोट धरून तिच्याच गाडीवर शिंपले घ्यायला यायचास. टोपलीत हात घातलास म्हणून ती तुझ्यावर अशी ओरडली होती की तू तिथंच चड्डी ओली केलीस. अख्ख्या बाजारानं बघितलंय. तीस वर्षं ज्या आवाजाच्या शिव्या खाल्ल्यास, तो तुला मधाळ वाटला होय? पण नाही, त्याच्या डोक्यात सिनेमातलाच आवाज बसलाय. संध्याकाळी चौकात पडदा बांधून तिचाच एक सिनेमा दाखवला. पडद्यावर कोझिमा तोंड उघडते आणि आतून बोलते रोमची कुणी एक साखरबाई. लोकांनी डोळे पुसले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! आणि म्हैसही धड ओळखता आली नाही यांना.

मी पास्का. नाटक-सिनेमातलं मला काय कळतं असं कुणी म्हणत असेल तर आधीच सांगते, कोझिमाच्या डाव्या हाताला मी सात वर्षं नाचले आहे. तिचे पाय माझ्या पायांना जेवढे माहीत होते तेवढे तिच्या नवऱ्यालाही नसते, आणि नवरा तिनं केलाच नाही.

पेलिकानो थिएटरात तेव्हा रोज सिनेमाच्या आधी आमचा खेळ असायचा. आठ मुली, दोन विदूषक, एक अकॉर्डियनवाला. लोक यायचे सिनेमा बघायला, आम्हाला सोसायचे. बाल्कनीत आरमारातले खलाशी भरलेले. त्यांना नाच आवडला नाही की शिट्ट्या मारायचे. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शाबासकी नव्हे, शिट्टी म्हणजे चालते व्हा. रांगेतल्या मुलींना नियम एकच होता, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. दात दाखवायचे, पाय उचलायचे, आत जायचं.

एके दिवशी बाल्कनीतून एक खलाशी ओरडला, "ए, डावीकडून तिसरी! गुडघे वाकत नाहीत का गं तुझे?"

डावीकडून तिसरी म्हणजे कोझिमा. ती थांबली. रांग पुढे गेली, ती तिथंच. कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "माझे गुडघे वाकतात रे बाबा, पण माणूस बघून वाकतात! तू आधी खाली ये, बोटीवर पातेली घासून तुझीच कंबर वाकलीय, ती सरळ करून देते!"

तो आवाज! जाड, चिरलेला, बाजारात तापलेला. तिची आई शिंपलेवाली, आणि कोझिमा पाच वर्षांची असल्यापासून तिच्या गाडीशी उभी राहून गिऱ्हाइकांना हाका मारायची. घसा तिथंच घडला. थिएटर असं काही हसलं की अकॉर्डियनवाल्याचा सूर हुकला. मालक आत तिला हाकलून देण्याच्या तयारीत उभा होता. पण दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारायला लागले, "ती बोलणारी आहे ना आज?" मालकाला अक्कल नव्हती, पण कान होते. तेव्हापासून रोज नाचाच्या मध्ये कोझिमानं थांबायचं आणि वरच्याखालच्या टवाळांशी भांडायचं. तिला कधी कुणी काही लिहून दिलं नाही. लोक रोज नवा मूर्खपणा करायचे, ती रोज नवं उत्तर द्यायची.

तिची आई डोन्ना अद्दोलोराता दर रविवारी तिसऱ्या रांगेत. काचबिंदूनं तिचे डोळे पार गेले होते. उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळायचा. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला दिसत तर काही नाही, मग येता कशाला?" म्हणाली, "ती नाचते तेव्हा नाही दिसत गं. बोलायला लागली की दिसते." आणि कोझिमा वरून कुणाला फाडून खात असली की ही खालून ओरडायची, "अगं, एवढंच? माझ्याशी घरी यापेक्षा जोरात भांडतेस!" लोक समजायचे म्हातारी कंपनीचीच आहे.

तर अशा या कोझिमाला बघायला रोमहून स्पेराती साहेब आले. सिनेमे काढणारे. पांढरे बूट, बोटात हिरवी अंगठी. खेळ बघून हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत येऊन म्हणाले, "बाई, तू इथं काय करतेस? चल माझ्याबरोबर." आम्ही सगळ्याजणी तिच्या गळ्यात पडलो. आम्हाला वाटलं, आवाजावर भाळला माणूस. शहाण्या बायका आम्ही!

रोमला तिचं नाव बदललं. कोझिमा म्हणे मासळीसारखा वास येणारं नाव. मिरा देल मारे केलं. केस पिवळे केले. पहिल्याच दिवशी तिला जांभळा झगा घालायला दिला. रंगमंचावरची बाई जांभळं घालत नाही, मेली तरी नाही. उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चमध्ये जांभळं लावायचे आणि थिएटरं बंद, नाचणारे उपाशी. तेव्हापासून तो रंग आम्हाला वर्ज्य. कोझिमानं झगा जमिनीवर टाकला. सगळे हसले. "अगं गावंढळ, सिनेमा काळा-पांढरा आहे, कुणाला दिसणार?" ती म्हणाली, "मला दिसतोय ना!" तेवढ्या वेळी तिचं ऐकलं. एक तेवढंच.

तो सिनेमा पेलिकानोत लागला. डोन्ना अद्दोलोरातानं देवीच्या मिरवणुकीसाठी जपून ठेवलेला काळा रेशमी झगा घातला. आळीतल्या सगळ्या बायका, मी, आणि ती, तिसऱ्या रांगेत. पडद्यावर कोझिमा आली. मी म्हातारीच्या कानात सांगितलं, "आली! जिन्यावरून उतरतेय, डोक्यावर टोपी आहे." म्हातारी सरसावून बसली. कोझिमानं तोंड उघडलं.

आतून साखर सांडली. "प्रियकरा, तू मला किती वाट पाहायला लावलीस." असलं काहीतरी. रोमचं शुद्ध, धुतलेलं, इस्त्री केलेलं बोलणं.

"ही कोण बया?" म्हातारी म्हणाली.

"कोझिमाच आहे, काकू."

"पास्का, मी आंधळी आहे, बहिरी नाही."

मी काय सांगणार? तेव्हा आम्हालाच ठाऊक नव्हतं की तिकडे रीतच तशी आहे. चित्रीकरण करताना आवाज कुणी धरतच नाही. नंतर बंद खोलीत आवाज भरतात, आणि भरणारी माणसं निराळी. तोंड एकीचं, बोलणार दुसरी. म्हातारी शेवटपर्यंत थांबली. मध्ये मध्ये विचारत होती, "आता येईल का माझी पोर?" दिवे लागल्यावर उठली आणि माझा हात धरून घरी निघाली. दारात पोचल्यावर म्हणाली, "तिला घेतलंच नाही सिनेमात. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सगळ्या खोटं बोलताय. मग मला सांग, माझी मुलगी रोमला करते तरी काय? ती माझ्यासाठी कोट पाठवते, बूट पाठवते, ते कुणाच्या जिवावर?"

ऐकलंत? आईच्या मनात हे आलं. कुणामुळे आलं? आळीतल्या बायकांनी शपथा वाहिल्या. म्हातारी म्हणाली, "शेजारणी कधी खरं बोलल्या आहेत?" पाद्रीबाबांनी सांगून बघितलं. "तुम्ही सिनेमा बघता? लाज वाटत नाही?" म्हणून त्यांनाच हाकललं. लोकरीचा कोट तिनं माझ्या हातानं परत धाडला. ती हिवाळाभर जुन्या फाटक्या शालीत कुडकुडत शिंपले विकत राहिली आणि आजूबाजूच्यांना कळायला लागलं की मायलेकीत बिनसलंय.

कोझिमा धावत आली. आईच्या पायाशी बसली. "आई, देवाशप्पथ मीच होते."

"असं सगळ्याच म्हणतात," म्हातारी म्हणाली.

"अगं, माझं तोंड आहे, आवाज दुसरीचा लावतात!"

"हो का? आणि तुझ्या तोंडातला आवाज काय विटला होता? ज्याच्यावर तू एवढी वर्षं जेवलीस तोच?"

कोझिमा उठली आणि तिनं रोमची आगगाडी धरली.

तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला. पैसे नकोत, मोठी भूमिका नको, एक सिनेमा माझ्या आवाजात करा. स्पेराती दरवेळी म्हणायचे, "पुढच्या वेळी, बाळा." पुढच्या वेळी पुन्हा साखरबाई. एकदा तर भर जेवणावर, दहा माणसांत, ते म्हणाले, "असल्या चेहऱ्यातून असला आवाज? अगं, देवदूताच्या तोंडून गाढव रेकल्यासारखं होईल!" सगळे हसले. ज्या आवाजावर हा माणूस तारान्तोत रडेपर्यंत हसला होता, त्याच आवाजावर आता तिला हसत होता. आणि कोझिमानं मूग गिळले. रांगेतली पोर असताना जी गप्प बसली नाही, ती नटी झाल्यावर गप्प बसली. मला तिचाही राग येतो, का येऊ नये?

मग तो सिनेमा आला, जो परवा चौकात लावला. त्यात ती शिंपलेवाली होती. बंदर, बाजार, हातगाडी, सगळं आमचंच. शिवाय रंगीत. स्पेरातींना एक हट्ट: जत्रेतल्या नाचात तिनं जांभळा झगा घालायचा, पोस्टरवर तो उठून दिसेल. कोझिमा म्हणाली, "जांभळा घालते. पण आवाज माझा."

स्पेरातींनी छातीवर हात ठेवला. "माझ्या आईच्या थडग्याची शपथ. शिंपलेवालीला शिंपलेवालीचाच आवाज हवा, एवढं का मला कळत नाही?"

तिनं झगा घातला. मला फोन करून सांगितलं तेव्हा मी दारूच्या दुकानात उभी होते, तिथं आळीतला एकुलता फोन होता. मी म्हटलं, "अगं बाई, काय केलंस हे! जांभळं?" ती म्हणाली, "पास्का, आईला घेऊन ये. या वेळी ती मला ऐकणार आहे." तिला एवढं खूश मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

रविवार दुपारचा खेळ. पेलिकानो खचाखच. स्पेराती स्वतः आले होते, बाजूच्या कक्षात बड्या लोकांबरोबर बसले होते. कोझिमा त्यांच्या शेजारी, डोक्यावर रुमाल, हातातली जपमाळ ओढत होती. म्हातारीला आणायला मला तीन दिवस भांडावं लागलं. आली ती फाटकी शाल घेऊनच आली. रेशमी झगा घातला नाही. "एकदा फसले, झगा मळवायला पुन्हा नाही येणार," म्हणाली.

अंधार झाला. पडद्यावर आमचा बाजार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपापली घरं ओळखून ओरडले. कोझिमा हातगाडी ढकलत आली, उभी राहिली, तोंडाशी हात नेला, आणि आता शिंपल्यांची हाक देणार.

"शिंपले घ्या, ताजे शिंपले," साखरबाई म्हणाली. अहो, शिंपले विकत होती की पाळण्यातल्या बाळाला झोपवत होती! असे विकले असते तर आमची सगळी आळी उपाशी मेली असती. बाल्कनीतून पहिली शिट्टी आली. मग दुसरी. लोक हसायला लागले. केसानं गळा कापला त्या माणसानं, आणि तोही तिच्याच गावात, तिच्याच माणसांसमोर.

म्हातारी उठली. "चल पास्का. घरी चल. मला सगळं कळलं."

मी तिचा हात धरला, पण काय म्हणून थांबवणार? आणि तेवढ्यात बाजूच्या कक्षाचं दार धाडकन आपटलं. कोझिमा रांगांमधून धावत होती. मध्येच थांबली, मागे वळली, प्रोजेक्टरच्या भोकाकडे तोंड करून ओरडली,

"कताल्दो मास्तर! आवाज बंद करा!"

कताल्दो मास्तर आमच्या नाचाच्या दिवसांपासून ती मशीन चालवायचे. त्यांनी भोकातून डोकं काढलं, तिला बघितलं. आवाज गेला. पडद्यावर बाजार मुका झाला.

पेलिकानोत पडद्यापुढे आमचा जुना रंगमंच तसाच होता, धूळ खात. कोझिमा बाजूच्या पायऱ्या चढली, उंच टाचांचे बूट काढून फेकले, आणि पडद्याच्या कडेला तिरकी उभी राहिली, एक डोळा पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांवर. तिनं हाक दिली.

शिंपल्यांची हाक. आमची. जी ऐकून माणूस दुसऱ्या आळीतून पातेलं घेऊन धावत येतो, ती.

म्हातारी माझ्या हाताला धरून उभी होती ती मटकन खाली बसली.

मग पूर्ण सिनेमाभर तसंच चाललं. कोझिमाचे ओठ हलले की मास्तर आवाज बंद करायचे, दुसरं कुणी बोललं की सोडायचे. दोन-तीनदा चुकले, नायकाचं अर्धं वाक्य गिळलं गेलं, कुणाला पर्वा होती? कोझिमाला सगळी वाक्यं पाठ होती. जिथं ओठ पुढे पळाले तिथं तिनं पदरचं घातलं. नायक पडद्यावर म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?" कोझिमानं वरून सांगितलं, "आधी तोंड धुऊन ये!" लोकांनी खुर्च्या बडवल्या. कुठल्या शिट्ट्या अन् काय! वर जाऊन स्पेरातींचा माणूस मास्तरांच्या खोलीचं दार ठोकत होता, मास्तरांनी आतून कडी लावली होती. जांभळ्या झग्याचा नाच आला तेव्हा ती एकदम गप्प झाली, पडद्याकडे पाठ फिरवून उभी राहिली आणि तो संपेपर्यंत वळली नाही. बाकी दोन तास ती बोलत राहिली.

दिवे लागले. लोक उभे राहून तिचं नाव घेत होते. कोझिमाचं, त्या मिराचं नव्हे. स्पेराती रंगमंचाच्या पायरीशी आले. चेहरा चुन्यासारखा. "तू संपलीस," ते म्हणाले. "रोममध्ये तुला आता कुणी दारात उभं करणार नाही."

"बाजूला व्हा साहेब," कोझिमा म्हणाली. "मला आईकडे जायचंय."

अनवाणी तिसऱ्या रांगेपर्यंत आली. आईसमोर येऊन उभी राहिली. म्हातारीनं हात लांब केला, तिची हनुवटी चाचपली, मग गळ्यावर हात ठेवला. तसाच ठेवला.

"दिसलीस गं," ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून, "पण आवाज बसलाय तुझा. एवढी वर्षं तिकडे तुला कुणी बोलूच दिलं नाही का?"

दोन तास जी डगमगली नव्हती ती तिथं, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, लहान पोरीसारखी रडली. म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत शिव्या देत होती. कोझिमाला नव्हे. कक्षाच्या दिशेनं तोंड करून, मोठ्यानं, एकेक शिवी नीट निवडून.

स्पेराती शब्दाला जागले, हे म्हटलं पाहिजे. कोझिमाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तिनं आईची गाडी घेतली आणि म्हातारी गेल्यावरही ती सोडली नाही. म्हातारी मरेपर्यंत गाडीशेजारी स्टूल टाकून बसायची, तो परत पाठवलेला लोकरीचा कोट अंगात, मे महिन्यातसुद्धा.

तर नगराध्यक्ष साहेब, पाटी लावलीत, चांगलं केलंत, कबुतरांची सोय झाली. पुढच्या उन्हाळ्यात तो सिनेमा पुन्हा लावणार म्हणे तुम्ही, दरवर्षी लावणार. लावा. कताल्दो मास्तर आता नाहीत. पण मी आहे, आणि तुमच्या त्या मशीनचं आवाजाचं बटण कुठं असतं ते मी परवाच नीट बघून ठेवलंय.